मीटर ५ व्होल्ट म्हणतोय, पण किती खात्रीने?

एकाच ५ व्होल्टच्या सप्लायला दोन मल्टिमीटर लावायचे. दोन्ही एकाच मॉडेलचे, दोन्ही नवे. एक दाखवतो ४.९८५, दुसरा ५.०१७. मोजमाप शिकायला आलेल्यांसमोर मी हा प्रयोग पहिल्याच दिवशी करतो आणि दर वेळी तोच प्रश्न येतो: यातला बरोबर कोणता?

दोन्ही बरोबर असू शकतात, हे उत्तर पटकन पचत नाही. डिस्प्लेवर दशांश चिन्हानंतर तीन अंक दिसले की ते तिन्ही खरे आहेत असं आपण धरूनच चालतो. पण मीटर बनवणाऱ्याने तसं वचन कुठेच दिलेलं नसतं. त्याने जे वचन दिलंय ते डेटाशीटमध्ये, म्हणजे मीटरच्या तांत्रिक माहितीपत्रकात, एका छोट्याशा कंसात लिहिलेलं असतं: ±(०.५% + २). हा कंस वाचता येणं आणि त्यावरून समोरच्या रीडिंगची अचूकता काढता येणं, हे काम पाचवी-सहावीच्या गणिताचं आहे. तरी वर्षानुवर्षं मीटर हाताळणारी माणसंही ते करत नाहीत, आणि मग चांगला सप्लाय खराब ठरतो किंवा खराब सर्किट पास होतं.

तो कंस उलगडून बघू. ०.५% म्हणजे दिसणाऱ्या रीडिंगच्या अर्धा टक्का. ५.०१७ चा अर्धा टक्का ०.०२५ व्होल्ट, म्हणजे २५ मिलिव्होल्ट. पुढचा २ म्हणजे डिस्प्लेवरच्या शेवटच्या स्थानातले दोन काउंट. काही डेटाशीटमध्ये त्याला 'डिजिट' म्हणतात आणि तिथेच घोटाळा होतो, कारण वाचणाऱ्याला वाटतं की शेवटचे दोन अंकच बेभरवशाचे आहेत. तसं नाही. शेवटचा अंक दोनने वर किंवा खाली असू शकतो, एवढाच त्याचा अर्थ. आपला मीटर ६ व्होल्टच्या रेंजवर आहे आणि त्याचा शेवटचा अंक १ मिलिव्होल्टचा आहे, म्हणून दोन काउंट म्हणजे २ मिलिव्होल्ट. एकूण झाले २७ मिलिव्होल्ट.

म्हणजे ५.०१७ दाखवणारा मीटर प्रत्यक्षात सांगतोय की खरा व्होल्टेज ४.९९० ते ५.०४४ च्या दरम्यान आहे. ४.९८५ वाला सांगतोय की तो ४.९५८ ते ५.०१२ च्या दरम्यान आहे. दोन्ही पट्टे ४.९९० ते ५.०१२ या भागात एकमेकांवर पडतात. खरा आकडा तिथे कुठेतरी असेल, तर दोन्ही मीटरनी आपलं वचन पाळलंय. पट्टे एकमेकांना शिवलेच नसते, तर मात्र दोघांपैकी निदान एक बिघडलाय हे खात्रीने सांगता आलं असतं. कोणता, हे तेव्हाही कळलं नसतं.

कंसात दोन आकडे का?

नुसतं 'अर्धा टक्का' म्हणून का भागत नाही? दर्जीकडची कापडी टेप डोळ्यांपुढे आणा. वापरून वापरून ती थोडी ताणली गेलीय. त्यामुळे येणारी चूक लांबीबरोबर वाढते: एका हातामागे थोडी, दहा हातांमागे दसपट. आता त्याच टेपचं सुरुवातीचं टोक झिजून अर्धा सेंटिमीटर कमी झालंय असं धरा. ही चूक वेगळ्या जातीची. रुमाल मोजा की चादर मोजा, अर्ध्या सेंटिमीटरचा फरक तेवढाच राहतो.

मीटरच्या आतही या दोन्ही जातीच्या चुका असतात. आतला संदर्भ व्होल्टेज किंचित हललेला असतो, सिग्नल लहान करणाऱ्या रेझिस्टरांचं गुणोत्तर किंचित चुकलेलं असतं. ही ताणलेली टेप, म्हणून ती टक्क्यांत लिहितात. अॅम्प्लिफायरचा शून्यबिंदू सरकलेला असतो, थोडा नॉइज असतो, आणि सलग बदलणाऱ्या व्होल्टेजचे पायरी-पायरीने आकडे करताना अर्धी-एक पायरी इकडेतिकडे होते. हे झिजलेलं टोक, म्हणून ते काउंटमध्ये लिहितात.

मोठ्या रीडिंगला टक्केवारीचा भाग भारी पडतो आणि लहान रीडिंगला काउंटचा. सगळ्यात जास्त चुका या दुसऱ्या ठिकाणी होतात. तोच ५ व्होल्ट, तोच मीटर, फक्त रेंज बदलून बघा. ६ व्होल्टच्या रेंजवर शंकेचा पट्टा २७ मिलिव्होल्टचा. ६० च्या रेंजवर शेवटचा अंक १० मिलिव्होल्टचा होतो, म्हणून २५ अधिक २०, म्हणजे ४५ मिलिव्होल्ट. ६०० च्या रेंजवर शेवटचा अंक १०० मिलिव्होल्टचा, म्हणून २५ अधिक २००, म्हणजे २२५ मिलिव्होल्ट. टक्क्यांत सांगायचं तर ०.५४ वरून ०.९ वर आणि तिथून थेट ४.५ वर. पेटीवर मात्र तिन्ही वेळी 'अचूकता ०.५%' एवढंच छापलेलं होतं. रीडिंग मावेल अशी सगळ्यात लहान रेंज निवडावी हा जुना सल्ला याच हिशेबातून आलाय.

शिवाय पेटीवरचा तो आकडा बहुतेक वेळा डीसी व्होल्टेजचा असतो, कारण तिथेच मीटर सर्वांत चांगला असतो. एसी, करंट, रेझिस्टन्स, कपॅसिटन्स यांना स्वतंत्र ओळी असतात आणि त्यांतले आकडे सहसा बरेच मोठे असतात. आपल्या कामाची ओळ शोधून मगच हिशेब करायचा.

काट्याच्या मीटरचं गणित वेगळं आहे. त्याच्या तबकडीवर १, १.५ किंवा २.५ असा वर्ग लिहिलेला असतो आणि तो पूर्ण मोजपट्टीच्या टक्क्यांत असतो. २.५ वर्गाचा ३०० व्होल्टचा मीटर कुठेही ७.५ व्होल्टने चुकू शकतो. काटा ३०० जवळ असेल तर ही चूक अडीच टक्के. काटा ३० वर असेल तर तेच ७.५ व्होल्ट म्हणजे पंचवीस टक्के! म्हणून काट्याच्या मीटरवर रीडिंग शक्यतो पट्टीच्या वरच्या भागात घ्यायचं असतं.

जास्त अंक, जास्त अचूक?

साडेतीन अंकी मीटर म्हणजे पहिल्या जागी फक्त ० किंवा १ आणि पुढे तीन पूर्ण अंक, म्हणजे १९९९ पर्यंत मोजणारा. साडेचार अंकी १९९९९ पर्यंत. आपला वरचा मीटर ६००० काउंटचा. हे सगळं रिझोल्यूशन झालं, म्हणजे मीटरला किती बारीक फरक दाखवता येतो ते. दाखवलेला आकडा सत्याच्या किती जवळ आहे, हा वेगळा प्रश्न, आणि अचूकता त्याचं उत्तर देते. तिसरी गोष्ट म्हणजे तेच मोजमाप पुन्हा पुन्हा घेतल्यावर आकडा किती जागेवर राहतो. ५.०१७ दाखवणारा आपला मीटर दहा वेळा लावला तरी ५.०१७ च दाखवतो, त्यावरून तो अचूक ठरत नाही. तो तीच चूक दहा वेळा इमानाने करत असेल.

पण रिझोल्यूशन आणि स्थिर राहणं हे गुण कमी लेखू नयेत. फरक मोजायचा असेल, जसं की लोड लावल्यावर सप्लाय किती खाली येतो, तर कायम एकाच बाजूला चुकणारा स्थिर मीटर फार कामाचा असतो. अचूकता कशासाठी हवी आहे, हे आधी ठरवल्याशिवाय मीटरवर पैसे घालू नयेत असं माझं ठाम मत आहे.

टेबलावरचा मीटर: दिवस आणि तापमान

प्रयोगशाळेतल्या साडेसहा अंकी मीटरची डेटाशीट थोडी निराळी असते. एचपीचा, पुढे अॅजिलंटच्या नावाने विकला गेलेला, ३४४०१ए हा त्यातला फार प्रसिद्ध मीटर. त्याच्या १० व्होल्टच्या डीसी रेंजचा एका वर्षाचा आकडा आहे ०.००३५ + ०.०००५. पहिला रीडिंगचा टक्का, दुसरा रेंजचा टक्का. काउंटऐवजी रेंजची टक्केवारी, एवढाच बदल. ५ व्होल्ट मोजताना पहिला भाग १७५ मायक्रोव्होल्ट, आणि दुसरा १० व्होल्टचा ०.०००५% म्हणून ५० मायक्रोव्होल्ट. बेरीज २२५ मायक्रोव्होल्ट, म्हणजे हातातल्या मीटरच्या १२० पट बारीक.

पण या ओळीला अटी चिकटलेल्या आहेत. त्याच रेंजचा २४ तासांचा आकडा ०.००१५ + ०.०००४ आहे, ९० दिवसांचा ०.००२० + ०.०००५, आणि वर्षाचा आपण वर घेतला तो. आतले भाग हळूहळू जुने होतात, सरकतात, म्हणून कॅलिब्रेशनला, म्हणजे जास्त अचूक मानकाशी मीटर पडताळून घेतल्याला, जितके दिवस उलटले तितका पट्टा रुंद होत जातो. २४ तासांचा आकडा तर कॅलिब्रेशनसाठी वापरलेल्या मानकाच्या तुलनेत दिलेला आहे. त्या मानकाची स्वतःची अनिश्चितता त्यात धरलेली नाही. जाहिरातीत नेमका हाच आकडा वापरावासा वाटतो, म्हणून वाचताना सावध असलेलं बरं.

दुसरी अट तापमानाची. वर्षाचा आकडा २३ अंश सेल्सिअसच्या पाच अंश वर-खाली, म्हणजे १८ ते २८ अंशांपुरता आहे. त्याबाहेर प्रत्येक अंशाला ०.०००५% रीडिंगचा आणि ०.०००१% रेंजचा असा अधिभार लागतो. खोली ३३ अंशांवर असेल तर २८ च्या वर पाच अंश झाले. ५ व्होल्टसाठी प्रत्येक अंशाला २५ अधिक १०, म्हणजे ३५ मायक्रोव्होल्ट. पाच अंशांचे १७५. आधीच्या २२५ मध्ये मिळवले की ४००. नुसत्या उकाड्याने शंकेचा पट्टा जवळजवळ दुप्पट झाला. शिवाय मीटर चालू करून तासभर गरम होऊ द्यायचा, हीही अट त्याच पानावर असते आणि घाईत तीच सगळ्यात आधी मोडली जाते.

हे आकडे टक्क्यांत लिहिले की शून्यं मोजावी लागतात, म्हणून या कामातले लोक 'पीपीएम', म्हणजे दशलक्षात किती, असं बोलतात. एक पीपीएम म्हणजे ०.०००१ टक्का. ०.००३५% म्हणजे ३५ पीपीएम.

वजाबाकीचा सापळा

मोजलेल्या आकड्यांवर पुढे गणित करायचं असतं आणि खरी गंमत तिथे सुरू होते. एका वायरमध्ये किती व्होल्टेज पडतोय हे बघायचंय. वायरच्या एका टोकाला १२.०० व्होल्ट आलं, दुसऱ्या टोकाला ११.९५. वजाबाकी केली, ०.०५ व्होल्ट. वरवर सगळं ठीक.

आता पट्टे काढा. ६० च्या रेंजवर १२ चा अर्धा टक्का ०.०६, अधिक दोन काउंटचे ०.०२, म्हणजे प्रत्येक रीडिंगला ०.०८ व्होल्टची शंका. वजाबाकीत आकडे वजा होतात, शंका मात्र वजा होत नाहीत. वाईटात वाईट धरलं तर त्यांची बेरीज होते. उत्तर आलं ०.०५ ± ०.१६. म्हणजे वायरमध्ये व्होल्टेज पडतोय, चढतोय की तसाच आहे, हेसुद्धा डेटाशीटच्या भरवशावर सांगता येत नाही.

न्यायाने बोलायचं तर प्रत्यक्ष परिस्थिती इतकी वाईट नसते. एकच मीटर, एकच रेंज, पाठोपाठ घेतलेली दोन रीडिंग. ताणलेली टेप दोन्ही वेळा सारखीच ताणलेली, म्हणून चुकीचा मोठा भाग वजाबाकीत निघून जातो. पण किती निघून जातो हे डेटाशीट सांगत नाही. त्यापेक्षा मोजण्याची पद्धतच बदलावी. मीटरच्या दोन प्रोब वायरच्याच दोन टोकांना लावा आणि ६०० मिलिव्होल्टच्या रेंजवर थेट फरक मोजा. त्या रेंजवरही कंस तोच असेल, तर ५०.० मिलिव्होल्टचा अर्धा टक्का ०.२५, अधिक दोन काउंटचे ०.२, म्हणजे ± ०.४५ मिलिव्होल्ट. तोच मीटर, आणि आधीच्या १६० च्या जागी अर्ध्या मिलिव्होल्टहून कमी शंका. महागडा मीटर आणण्याआधी प्रोब कुठे लावतोय याचा विचार करावा, तो यासाठी.

गुणाकार, आणि दोन प्रकारची बेरीज

गुणाकार-भागाकारात टक्के मिळवायचे असतात. १२.०० व्होल्टवर चालणारं एखादं सर्किट किती पॉवर घेतंय ते काढू. करंटसाठी त्याच्या वाटेत ०.१ ओहमचा, १ टक्का सहनमर्यादेचा (छापील किमतीपासून १ टक्क्यापर्यंत हटू शकणारा) शंट रेझिस्टर लावला आणि त्यावर वरच्यासारखेच ५०.० मिलिव्होल्ट मिळाले. करंट ०.५ अँपिअर, पॉवर ६ वॉट. शंका कुठून कुठून आल्या? १२ व्होल्टमध्ये ०.०८, म्हणजे ०.६७%. मिलिव्होल्टच्या रीडिंगमध्ये ०.४५, म्हणजे ०.९%. शंटचा १%. सरळ बेरीज केली तर २.५७ टक्के, म्हणजे ६ वॉटमध्ये सुमारे ०.१५ वॉट.

तिन्ही चुका एकाच वेळी, एकाच दिशेने आणि पूर्ण ताकदीने येतील असं धरलं तरच हा आकडा खरा. चुका एकमेकांपासून स्वतंत्र असतील तर तसं घडणं दुर्मीळ. म्हणून दुसरी पद्धत आहे: प्रत्येकाचा वर्ग करा, वर्गांची बेरीज करा, वर्गमूळ काढा. ०.६७, ०.९ आणि १ यांचं असं केलं की १.५ टक्के येतात, म्हणजे ०.०९ वॉट. काटकोन त्रिकोणाच्या कर्णाचंच हे गणित.

कोणती पद्धत वापरायची? सुरक्षेशी संबंधित मर्यादा तपासत असाल तर सरळ बेरीज. बाकी कामांत वर्गमूळ, पण 'स्वतंत्र' या शब्दाकडे डोळे उघडे ठेवून. वरच्या उदाहरणात दोन्ही व्होल्टेज एकाच मीटरने मोजलीत आणि त्याचा आतला संदर्भ व्होल्टेज एकच आहे. त्या दोन चुका पूर्ण स्वतंत्र नाहीत, म्हणून खरी शंका दीड आणि अडीच टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी धरणं शहाणपणाचं. आणि पॉवर व्होल्टेजच्या वर्गावरून काढत असाल तर व्होल्टेजच्या चुकीचे टक्के दुप्पट धरायचे. ती एकच चूक दोनदा गुणली जाते.

कॅलिब्रेशनच्या प्रयोगशाळा याच्या एक पाऊल पुढे जातात. मोजमापातली अनिश्चितता कशी मांडायची याचं 'गम' या नावाने ओळखलं जाणारं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन पहिल्यांदा १९९३ साली निघालं. त्यात डेटाशीटची मर्यादा तशीच्या तशी वापरत नाहीत. ±२७ मिलिव्होल्टच्या आत खरा आकडा कुठेही सारख्याच शक्यतेने असू शकतो असं धरतात आणि २७ ला ३ च्या वर्गमूळाने भागतात: १५.६. मग स्वतः पुन्हा पुन्हा रीडिंग घेऊन त्यातली चलबिचल काढतात. ती समजा ५ मिलिव्होल्ट आली. वर्गांची बेरीज, वर्गमूळ: १६.४. सुमारे ९५ टक्के खात्रीसाठी दुप्पट करायची: ३३ मिलिव्होल्ट.

इथे चाणाक्ष वाचक थबकेल. एवढा खटाटोप करून उत्तर २७ पेक्षा मोठं कसं आलं? दुपटीचा नियम घंटेच्या आकाराच्या वितरणासाठी आहे, जिथे मधले आकडे जास्त शक्य असतात आणि टोकाचे कमी. इथे मात्र एकच सपाट वितरणाचा, म्हणजे सगळीकडे सारखी शक्यता असलेला, भाग बाकी सगळ्यांना झाकून टाकतोय. निव्वळ सपाट वितरणात ९५ टक्क्यांसाठी २ ऐवजी १.६५ ने गुणलं तरी पुरतं. अनेक लहान-मोठे भाग मिसळले की मात्र एकूण आकार घंटेसारखा होतो आणि दुपटीचा नियम चपखल बसतो.

डेटाशीटमध्ये नसलेल्या चुका

आतापर्यंतचा सगळा हिशेब मीटरच्या आतल्या चुकांचा. सर्किटला मीटर लावल्याने सर्किटच बदललं, तर त्याची जबाबदारी डेटाशीट घेत नाही.

१० व्होल्टला दोन १ मेगाओहमचे रेझिस्टर एकापुढे एक जोडलेत. मधल्या बिंदूवर ५ व्होल्ट असायला हवेत. मीटरचा स्वतःचा इनपुट रेझिस्टन्स नेहमीसारखा १० मेगाओहम. तो खालच्या रेझिस्टरला समांतर लागतो आणि मधला बिंदू खाली खेचला जातो. मीटर दाखवतो ४.७६२. कंसाचा हिशेब सांगतो ± २६ मिलिव्होल्ट. प्रत्यक्ष चूक आहे २३८ मिलिव्होल्टची, नऊपट. आणि मीटर चुकलेला नाही! तो लावलेला असताना तिथे खरोखरच ४.७६२ व्होल्ट असतात. अशी चूक ± च्या पट्ट्यात कोंबायची नसते. तिची दिशा आणि मोजमाप दोन्ही माहीत असतात, म्हणून ती काढून टाकायची. दुरुस्तीनंतर जी शंका उरेल तेवढीच पट्ट्यात घ्यायची.

लहान रेझिस्टन्स मोजताना प्रोबच्या वायरी आड येतात. वायरींचा मिळून ०.२ ओहम असेल तर १ ओहमचा रेझिस्टर १.२ दिसेल, वीस टक्के जास्त. दोन वायरींतून करंट पाठवायचा आणि वेगळ्या दोन वायरींनी थेट रेझिस्टरवरचा व्होल्टेज मोजायचा, ही चार वायरींची पद्धत त्यासाठीच आहे. करंट मोजताना मीटर स्वतःच थोडा व्होल्टेज खातो, तेही ध्यानात घ्यावं.

एसीमध्ये आकाराचा प्रश्न येतो. साधा मीटर सरासरी मोजतो, तिला १.११ ने गुणतो आणि आरएमएस (तेवढीच उष्णता देणाऱ्या डीसीइतकं मूल्य) म्हणून दाखवतो. साइन वेव्हला हे बरोबर. चौकोनी वेव्हला तोच मीटर ११ टक्के जास्त दाखवतो, त्रिकोणी वेव्हला जवळजवळ ४ टक्के कमी. 'ट्रू आरएमएस' मीटरला हा त्रास नाही, पण त्यालाही टोकदार शिखरांची आणि फ्रिक्वेन्सीची मर्यादा असते आणि ती त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत असते.

ऑसिलोस्कोपकडून, म्हणजे बदलत्या व्होल्टेजचा आलेख पडद्यावर काढणाऱ्या उपकरणाकडून, व्होल्टेजच्या अचूकतेची फार अपेक्षा ठेवू नये. आठ बिटांचा स्कोप उभ्या पट्टीचे २५६ भाग करतो, आणि त्याची डीसी अचूकता पूर्ण पट्टीच्या ३ टक्के असेल, तर ८ व्होल्टच्या पट्टीवर ± ०.२४ व्होल्ट झाले. १०० मेगाहर्ट्झ बँडविड्थचा स्कोप १०० मेगाहर्ट्झची साइन वेव्ह फक्त ७१ टक्के उंचीची दाखवतो. बँडविड्थची व्याख्याच ती आहे. पण वेळेच्या बाबतीत तोच स्कोप क्वार्ट्झ क्रिस्टलवर चालतो आणि तिथे त्याची चूक पीपीएममध्ये मोजतात.

फ्रिक्वेन्सी काउंटरचं उदाहरण मला फार आवडतं, कारण तिथे पद्धत बदलताच अचूकता कुठल्या कुठे जाते. ५० हर्ट्झचा सिग्नल एक सेकंद मोजला तर ५० काउंट, आणि एक काउंट इकडेतिकडे: २ टक्के चूक. उलट करा. एका आवर्तनाला २० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात आतल्या १० मेगाहर्ट्झच्या घड्याळाचे ठोके मोजा. २ लाख ठोके, त्यात एकाची चूक, म्हणजे ५ पीपीएम. अर्थात क्रिस्टलची स्वतःची चूक त्यात मिळवायची.

शेवटी खरा व्होल्ट कुणाकडे?

प्रत्येक मीटर वरच्या दर्जाच्या मानकाशी पडताळलेला, ते मानक आणखी वरच्याशी, अशी साखळी जिथे संपते तिथे एक भौतिक नियम आहे. ब्रायन जोसेफसन यांनी १९६२ मध्ये असं भाकीत केलं की दोन अतिवाहकांमधल्या (विजेला अजिबात विरोध न करणाऱ्या पदार्थांमधल्या) पातळ जोडावर मायक्रोवेव्ह सोडले की त्यावरचा व्होल्टेज ठरावीक पायऱ्यांनीच येईल, आणि पायरीची उंची फक्त फ्रिक्वेन्सीवर आणि निसर्गाच्या दोन स्थिरांकांवर अवलंबून असेल. ७० गिगाहर्ट्झला एका जोडाची पायरी सुमारे १४५ मायक्रोव्होल्टची. हजारो जोड एकापुढे एक लावून १० व्होल्ट तयार करतात. २० मे २०१९ पासून ते दोन्ही स्थिरांक व्याख्येनेच निश्चित केलेले आहेत. रेझिस्टन्ससाठी असंच काम क्लाउस फॉन क्लिट्झिंग यांनी १९८० मध्ये शोधलेला क्वांटम हॉल परिणाम करतो. त्याची मूळ पायरी सुमारे २५८१२.८०७ ओहमची.

आपल्या टेबलापाशी या साखळीचा व्यवहारी नियम असा की तपासणारं उपकरण तपासल्या जाणाऱ्या मर्यादेच्या निदान चौपट चांगलं असावं. सप्लायला ५ व्होल्ट ± ५% चालत असेल तर मर्यादा २५० मिलिव्होल्टची. आपला २७ मिलिव्होल्टवाला मीटर नऊपट चांगला, काम भागलं. ± १% हवा असेल तर मर्यादा ५० मिलिव्होल्टची, आणि आपला मीटर दुप्पटही चांगला नाही. पहिल्या बाबतीतही ५.२४ दिसलं म्हणून सप्लाय पास करू नये. मर्यादेतून मीटरची शंका आत घ्यायची: ४.७७६ ते ५.२२२ मध्ये असेल तरच निःशंक पास.

सुरुवातीच्या दोन मीटरांचा निकाल मी त्याच दिवशी, वर्गासमोर लावतो. तासभर गरम केलेला साडेसहा अंकी मीटर त्याच सप्लायला जोडतो. तो दाखवतो ५.००२१, शंका २२५ मायक्रोव्होल्टची. म्हणजे पहिला मीटर १७ मिलिव्होल्ट खाली होता, दुसरा १५ वर, आणि दोघेही आपापल्या २७ च्या आत. मग दोन्हींच्या पाठीवर एकेक चिठ्ठी लागते: पहिल्यावर '६ व्होल्ट रेंज, ५ व्होल्टपाशी, उणे १७', दुसऱ्यावर '६ व्होल्ट रेंज, ५ व्होल्टपाशी, अधिक १५', आणि दोन्हींवर खाली तारीख आणि खोलीचं तापमान. ६० च्या रेंजसाठी ती चिठ्ठी चालत नाही. त्यासाठी पुन्हा मोजावं लागतं.